नऊ नंबरची पिन

मी एक मायक्रोकंट्रोलर चिप बोलतेय. अंगठ्याच्या नखाएवढी, काळी, चौकोनी. चारी बाजूंनी मिळून मला अठ्ठेचाळीस पिना आहेत. माझ्यासमोर एका बाईचा दंड फाटला, एका माणसाच्या बरगड्या मोडल्या आणि एक बिबट्या कोयत्यांखाली मेला. यातल्या पहिल्या वेळी मी झोपले होते. झोप मला लावली गेली होती, हे खरं. पण झोपले होते हेही खरंच.

जन्म परदेशातल्या कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते नगरच्या एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीतलं टेबल, आणि माझ्यावर वाकलेला प्रार्थनाचा चेहरा. प्रार्थना सव्वीस वर्षांची. वडील यशया गुरुजी नेवाशाजवळच्या शाळेतून निवृत्त झालेले. तिनं चिमट्यानं उचलून मला सर्किटच्या हिरव्या पट्टीवर बसवलं, पिना डाख देऊन जोडल्या आणि म्हणाली, "चल बाई, आता तुला कामाला लावते."

आमची कंपनी बिबट्यापासून सावध करणाऱ्या पेट्या बनवायची. उसाच्या कडेला खांब, खांबावर पेटी, पेटीत मी. बाहेर एक सेन्सर. उसातून काही हललं की तो ते किती मीटरवर आहे हे तारेवरून मला सांगणार, आणि मी भोंगा वाजवून दिवा उघडझाप करणार.

आमच्या पिनांची एक गंमत आहे. एकच पिन दहा कामं करू शकते. बोलणं ऐकू शकते, बोलू शकते, दिवा लावू शकते. पण एका वेळी एकच. कुणी काय करायचं ते डिव्हाइसट्री नावाच्या फाइलमध्ये लिहावं लागतं. नुसतं काम लिहून भागत नाही. पिनेला आतून हलका ताण द्यायचा का, तिचा जोर किती ठेवायचा, तेही लिहायचं. नाहीतर रिकामी तार वाऱ्यावरच्या चिंधीसारखी हलत राहते आणि मला भलतंच ऐकू येतं. प्रार्थनानं नऊ नंबरची पिन सेन्सरचं ऐकण्यासाठी नेमली. तिला वरचा, म्हणजे वर ओढून धरणारा ताण दिला. मी सेन्सरचा शब्दन्‌शब्द ऐकायला लागले.

मग कंपनीचा मालक अवधूत आला. वाईट माणूस नव्हे, पण सदा घाईत.

"बॅटरी तीनच दिवस टिकते. आठ दिवस टिकली पाहिजे. चिपला झोपव मधूनमधून."

"सेन्सर बोलला की उठेल, असं करावं लागेल."

"कर ना मग. सोमवारी एकवीस पेट्या जायच्यात."

तिनं फाइलमध्ये माझ्या पिनांची दुसरी यादी लिहिली: झोपेतली. जागेपणी कुणी काय करायचं ती पहिली, झोपेत कुणी कसं राहायचं ती दुसरी. झोपेच्या यादीत तिनं सगळ्या पिना एका ओळीत घातल्या आणि खाली लिहिलं, की यांना आतून तोडा, वीज वाचवा. त्या ओळीत नऊ नंबरचीही होती. सेन्सर बोलला की मी उठणार होते. पण ज्या कानानं ऐकायचं तोच तिनं कापला होता.

चाचणीत हे कळलं नाही. लॅपटॉपची वायर जोडलेली असली की मी झोपतच नाही. टेबलावर मी प्रत्येक वेळी भोंगा वाजवला आणि प्रार्थनानं प्रत्येक वेळी कागदावर बरोबरची खूण केली.

मला नेवासा तालुक्यात प्रवरेकाठच्या एका उसाच्या फडावर लावलं. लावणारा कानिफनाथ, त्याच गावचा. खांब रोवायचे, बॅटऱ्या बदलायच्या, ही त्याची कामं. फडाच्या कडेला पाथर्डीकडून आलेल्या तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. त्यांत रामहरी आणि त्याची बायको चांगुणा. नवराबायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. रामहरी तोडायचा, चांगुणा पाचट सोलून मोळ्या बांधायची. पहिल्याच दिवशी तिनं मान वर करून कानिफनाथला विचारलं, "ही पेटी खरंच वरडती का रं?"

"बिबट्या आला की सगळं गाव उठवती."

"मग बरंय. लई भ्या वाटतं हितं."

आठव्या दिवशी, तांबडं फुटायच्या आत, चांगुणा उसाच्या कडेला मोळ्या बांधायला वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत होती. पुढचं मी नंतर माणसांच्या बोलण्यातून जोडलं. बिबट्यानं तिला मागून धरलं. मान धरायला आला होता, ती वळली म्हणून डावा दंड तोंडात सापडला. त्यानं तिला बारा पावलं फरफटत नेलं. तिनं उजव्या हातातला विळा त्याच्या तोंडावर मारला, पुन्हा मारला, मुठीपासून पातं निसटेपर्यंत मारला. रामहरी धावत आला तेव्हा बिबट्या पळाला होता आणि तिचा हात कातड्याला लोंबत होता. सेन्सरनं मला एकतीस वेळा हाक मारली होती. मला एकही ऐकू आली नाही.

तिला जीपमधून नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात खांद्याखालून काढला.

इकडं तोडणीवाल्यांच्या टोळीनं कानिफनाथला धरलं. कुणीतरी म्हणालं, यानं नवी बॅटरी विकून मेलेली घातली. एवढं पुरलं. त्याला माझ्याच खांबाला बांधलं आणि उसानं मारलं. एक ऊस पिचला की दुसरा. तो ओरडत होता, "भरलेली हाय बॅटरी! कालच बदलली! बघा तरी उघडून!" कुणी उघडून बघितलं नाही. खांब हलत होता, वर मी हलत होते.

साडेनऊला प्रार्थना कंपनीच्या जीपमधून आली. कानिफनाथची मान छातीवर पडलेली, तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं. "आधी सोडा त्याला," ती म्हणाली. कुणी हललं नाही. ती स्वतः शिडी लावून चढली, मला खाली आणलं, झाकण उघडून मीटरची टोकं बॅटरीला लावली.

"बॅटरी भरलेली आहे. बघा. या माणसानं काही केलेलं नाही."

रामहरीनं कोयत्यानं दोर कापला. कानिफनाथ दोराबरोबर खाली आला.

तेवढ्यात अवधूतचा फोन आला. बांधावर बसून ती बोलत होती आणि मी तिच्या मांडीवर होते, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"बॅटरी उतरली होती असं सांग आणि नीघ तिथून."

"त्यासाठी एका माणसाला मरेस्तोवर मारलंय, सर."

"मग सेन्सर खराब म्हण. फाइलचं काही बोलू नकोस."

तिनं लॅपटॉप उघडला होता. झोपेची यादी समोर होती. नऊ नंबरवर तिचं बोट थांबलं. तिनं फोन ठेवला. उठली.

"चूक माझी आहे," ती रामहरीला म्हणाली. "राखण करायला एक जण ठेवला होता. बाकीच्यांना झोपायला सांगताना मी त्यालाही झोपवलं. एका ओळीत."

रामहरी खाली वाकला. त्यानं ढेकूळ उचललं आणि मारलं. ते तिच्या भुवईवर फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं. दुसरं उचललं, पण ते त्यानं मारलं नाही, हातातच चुरगळलं.

"आमचा कोयता मोडला, बाई," तो म्हणाला. "आता येका हातानं ती मोळी बांधल का? सांग की. तुला लई येतं ना?"

तिनं ओढणीनं डोळा पुसला आणि तिथंच बसून फाइल दुरुस्त केली. नऊ नंबरला त्या ओळीतून बाहेर काढलं. तिच्यासाठी झोपेची वेगळी ओळ लिहिली: ही जागी राहील, वरचा ताण तसाच राहील, हाक आली की सगळ्यांना उठवील. मग लॅपटॉपची वायर काढून टाकली, मला पुरती झोप लागेपर्यंत थांबली आणि रामहरीला म्हणाली, "आता उसातून या."

तो आला. मी असा भोंगा वाजवला की नदीपलीकडची कुत्री उठली. कुणी हसलं नाही.

बाकीच्या वीस पेट्या तशाच बहिऱ्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत तिनं गावागावांत फोन करून सांगितलं, पेटीच्या भरवशावर राहू नका. अवधूतनं तिला कामावरून काढलं. ती नेवाशाला वडिलांकडं राहिली, दिवसा स्कुटीवरून एकेक पेटी दुरुस्त करत फिरायची आणि पहाटे आमच्या फडावर यायची. ऊस संपेपर्यंत येईन, असं तिनं रामहरीला सांगितलं होतं. तो तिच्याशी बोलत नसे.

चौथ्या पहाटे उसाच्या शेवटच्या आठ सऱ्या उरल्या होत्या. बिबट्याला लपायला तेवढीच जागा. धुकं होतं. प्रार्थना खांबाखाली, वायर न जोडता, लॅपटॉपवर माझे हवेतून येणारे आकडे बघत बसली होती.

सेन्सर बोलला: एकोणीस मीटर. मी उठले. सोळा. अकरा. नऊ. मी भोंगा सोडला, दिवा लावला.

बिबट्या थांबला. मागं फिरला. बारा. पंधरा. तो चालला होता, जे माझ्याकडून हवं होतं तेच झालं होतं. पण माझा आवाज ऐकून कोप्यांतून माणसं निघाली होती आणि ती सऱ्यांच्या त्याच टोकाला पोचली जिकडं तो निघाला होता. रामहरी सगळ्यांत पुढं.

"परत चाललाय! सोडा त्याला!" प्रार्थना ओरडली. तिच्या तोंडाची हालचाल दिसत होती, शब्द माझ्या भोंग्यात बुडत होते. समोर हालचाल होती म्हणून मी थांबत नव्हते. मला तेच शिकवलं होतं.

रामहरीचा कोयता बिबट्याच्या कमरेत बसला. तो उलटा फिरला आणि त्यानं रामहरीची मांडी फाडली. मग नऊ कोयते एकदम पडले. प्रार्थनानं शिडीवर चढून माझी तार ओढली तेव्हा कुठं आवाज बंद झाला. त्यानंतर ऐकू आले ते फक्त घाव. ओल्या लाकडावर पडावेत तसे, एकामागून एक. जनावर मेल्यावरही बराच वेळ.

वनखात्याची माणसं आली. रामहरीवर गुन्हा दाखल झाला. मी पुरावा म्हणून जप्त झाले.

जबाबाच्या दिवशी कार्यालयात चांगुणाही आली होती. पदराखाली रिकाम्या बाहीची गाठ. अधिकाऱ्यानं प्रार्थनाला विचारलं, "यंत्रातल्या नोंदीनुसार बिबट्या हल्ला करत होता की परतत होता?"

रामहरी मांडीच्या पट्ट्यांवर हात ठेवून बसला होता. एका शब्दाचं काम होतं: 'हल्ला' म्हटलं की तो सुटला असता. मी तिच्यासमोर टेबलावर होते. माझ्यात नोंद होती, आणि ती वाचणारी तीच होती.

"अंतर वाढत होतं," ती म्हणाली. "परतत होता. पण ते माझ्या पडद्यावर दिसत होतं. धुक्यात उभ्या या माणसाला नाही. मी ओरडले ते माझ्याच भोंग्यानं दाबून टाकलं."

अधिकाऱ्यानं पहिली दोन वाक्यं लिहिली आणि पेन ठेवलं.

"पुढचंही लिहा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

त्यानं पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं.

बाहेर पडताना चांगुणा दारात थांबली. "म्हंजे त्यो जात हुता?" तिनं नवऱ्याला विचारलं. "पाठमोऱ्याला मारलं तुमी?"

"मला काय म्हाईत," रामहरी म्हणाला. "मला तुजा हात दिसत हुता."

मग तिनं आपला उरलेला हात त्याच्या काखेत घालून त्याला पायऱ्या उतरवल्या.

आता मी सील केलेल्या पिशवीत, लोखंडी कपाटात आहे. मोठी बॅटरी काढून घेतली. घड्याळापुरता एक बटणाएवढा सेल आहे, तो दिवाळीपर्यंत पुरेल. कोर्टाची तारीख त्यानंतरची आहे, तेव्हा मी जागी नसेन. प्रार्थनाच्या सतरा पेट्या दुरुस्त झाल्या, तीन उरल्यात. बरगड्या बांधून कानिफनाथ तिच्यासाठी शिडी धरतो, असं शिपायाच्या तोंडून कळलं.

आमच्या पिनांना कामं वाटून देणाऱ्यांनो, विनंती एकच. झोपेची यादी लिहाल तेव्हा प्रत्येक पिनेपाशी थांबा आणि तारेच्या पलीकडं कोण उभं आहे ते विचारा. आणि वायर काढून तपासा. टेबलावर मी कधीच चुकले नव्हते.