रिकाम्या पाण्यातला आठ

लोवेलने, म्हणजे माझ्या मुलाने, माझी बोट परस्पर विकायला काढली तेव्हा टॅमरॅक सरोवराचं पाणी नुकतंच गार पडायला लागलं होतं. म्हणजे नेमकी मस्की धरायची वेळ. उन्हाळाभर खोल पाण्यात तोंड लपवून बसलेला हा मासा सप्टेंबर सरता सरता काठाजवळच्या हिरव्या पाणवेलींत येतो आणि दिसेल त्यावर तुटून पडतो. मग एके दिवशी वरचं गार पाणी खाली बसतं, अख्खं सरोवर ढवळून निघतं आणि सगळं संपतं. मधले हे थोडे दिवस माझे. ऑर्व्हिल होता तेव्हा आम्हा नवराबायकोचे होते.

"आई, तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय," लोवेल म्हणाला. "एकटी जातेस. पाण्यात पडलीस तर मला कळायचंसुद्धा नाही. रविवारी मी हिवाळ्याआधी लाकडी धक्का पाण्याबाहेर काढायला येतोय, तेव्हाच केर्मिट पैसे देऊन बोट घेऊन जाईल."

"केर्मिट? त्याला काठावर बसून बिअर ढोसण्यापलीकडे काय येतं?"

"बरं, मग असं कर. रविवारी दुपारपर्यंत माझ्यासमोर एक मस्की काढून दाखव. मी परत बोटीचं नाव घेणार नाही."

लबाड! मस्की काय बादलीभर मिळतो? भल्याभल्यांचे अख्खे मोसम कोरडे जातात. हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण माझं डोकं फिरलं होतं.

"लागली पैज," मी म्हटलं.

रविवारी धुकं उठायच्या आत आम्ही पाण्यात होतो. मी मागे मोटरपाशी, तो पुढे, दोघांच्याही हातात गळाचा रॉड. फेकलेलं आमिष ओढत बोटीपाशी आलं की मी रॉडचं टोक पाण्यात खुपसून मोठा इंग्रजी आठ काढायची. मस्की संशयी असतो. आमिषामागून थेट बोटीपर्यंत येतो आणि ते वर उचललं की तोंड फिरवून जातो. आमिष वळलं तर मात्र त्याला राहवत नाही. म्हणून मासा दिसो न दिसो, आठ काढायचाच. लोवेल लहान होता तेव्हा अंगणात झाडूच्या दांड्याने मीच त्याला हे शिकवलं होतं.

प्रत्येक आठाला खांद्यातून कळ थेट मस्तकात जात होती.

"अगं, तिथे काही नाहीये," लोवेल म्हणाला. "रिकामं पाणी कशाला ढवळतेस?"

"नुसत्या बडबडीने मासे आले असते ना, तर तुझ्यामुळे एव्हाना बोट भरली असती."

हरणाचं सॉसेज खाऊन झालं, थर्मासमधली कॉफी संपली, ऊन डोक्यावर येऊ लागलं. मला खरंच भीती वाटायला लागली. बोट गेली की मी खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बोटी बघणारी म्हातारी होणार, आणि ते मला मेले तरी नको होतं.

तेवढ्यात लोवेलचा फोन वाजला. "केर्मिट आलाय धक्क्यावर," तो खुशीत म्हणाला. एका हाताने फोन कानाला धरून त्याने दुसऱ्या हाताने आपलं आमिष पाण्यातून सरळ वर उचललं. आठ नाही, काही नाही.

त्या आमिषामागे ती होती. मस्कीची मादीच, एवढ्या दांडग्या माद्याच असतात. ती जागच्या जागी थबकली आणि लोवेलच्या हातातून फोन बोटीच्या तळाशी पडला.

"आई..."

"हलू नकोस."

उजवा हात आता कामाचा राहिला नव्हता. मी गुडघ्यांवर बसले, रॉड डाव्या हातात घेतला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. एक आठ. ती खाली बुडाली.

"गेली," लोवेल पुटपुटला.

मी दुसरा आठ काढला, पहिल्यापेक्षा मोठा. तिसऱ्याच्या वळणावर खालून पांढरं तोंड उघडलं, आणि रॉडला असा हिसका बसला की मी पाण्यात जाता जाता राहिले.

"दे इकडे! तुझा खांदा..."

"रॉडला हात लावलास तर ढकलून देईन! जाळं घे!"

ती बोटीखाली घुसली, पलीकडून निघाली, शेपटीच्या फटकाऱ्याने आम्हा दोघांना भिजवून टाकलं. मी रडत होते. दुखत होतं म्हणून, आणि मजा येत होती म्हणूनही. शेवटी लोवेलने तिच्याखाली जाळं घातलं. तिला पाण्यातच ठेवून मी पकडीने गळ काढला आणि शेपटीशी धरून तिला दम खाऊ दिला.

"थांब, फोटो काढू."

"कशाला? तू पाहिलंस ना?"

मी हात सोडला. ती सावकाश पाणवेलींत निघून गेली.

तळाशी पडलेल्या फोनमधून केर्मिट ओरडत होता, "लोवेल? अरे, बोट आणताय ना?"

मी ओल्या हाताने फोन उचलला. "केर्मिट, बोट मिळायची नाही. धक्काही इतक्यात निघायचा नाही. घरी जा."

लोवेलने आपला रॉड उचलला. त्याने आमिष दूर फेकलं, ओढत बोटीपाशी आणलं आणि रॉडचं टोक पाण्यात घातलं. आमिषामागे काहीही नव्हतं. तरी त्याने आठ काढला.

"मोठा काढ," मी म्हटलं.