मनोऱ्यावर चढलेली मुलगी

मी बोलोन्यात पेत्रोनी गल्लीत राहते, म्हणजे शांत झोप मला फक्त ऑगस्टमध्ये मिळते, पोरं आपापल्या गावी गेली की. बाकी वर्षभर खिडकीखाली बाटल्या, गिटार, प्रेमप्रकरणं आणि त्यांची भांडणं, सगळं अंथरुणात पडल्या पडल्या ऐकते. तक्रारी करून करून पोलीस चौकीत माझा आवाज सगळ्यांना पाठ झालाय. तरी मागची खोली मी विद्यार्थ्यांनाच भाड्याने देते. का, ते विचारू नका. माझी बहीण विचारते तेव्हा मी तिच्यावरही डाफरते.

त्या खोलीत पाच वर्षं मेना राहत होती. पूर्ण नाव फिलोमेना, गाव थेट दक्षिणेला, बाझिलिकातातल्या डोंगरात. कायदा शिकायला आलेली. दारं न आपटणारी, स्वतःची कढई घासून ठेवणारी, आणि पत्त्यांत माझ्या डोळ्यांदेखत लबाडी करणारी. मला पोरगी आवडायची. तोंडावर मी तसं म्हटलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

तिच्या पदवीच्या आदल्या दिवशी दुपारी घंटी वाजली. दारात तिचे वडील, एजिदियो. लग्नाला निघाल्यासारखा कोट घातलेला, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात भला मोठा पाव आणि सॉसेजची माळ.

"सिन्योरा नॉर्मा, बाकीचे सगळे उद्याच्या गाडीने येतायत," ते म्हणाले. "मला मेला धीर धरवेना. म्हटलं, आजच जाऊन पोरीला चकित करतो."

"या, बसा. पोरगी घरात नाहीये."

"नसणारच! अभ्यास करत असेल. उद्या त्या सगळ्या प्रोफेसरांसमोर उभं राहायचंय."

गावात त्यांचं केस कापायचं दुकान. गावातल्या प्रत्येक गालाला साबण लावता लावता त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमच्या घरात पहिली डॉक्टर होणार, कायद्याची. आमच्याकडे पदवी घेतली की सगळेच डॉक्टर, सुई टोचता येवो न येवो. बॅगेतून त्यांनी लाल साखरबदामांच्या पुड्या काढल्या. पदवीला लाल रंगाचेच वाटतात. मग मामा, मामी, आत्या, पाद्रीबाबा असे कोणकोण येणार ते सांगू लागले. मी कॉफी चढवली आणि हो-हो करत राहिले.

खरं सांगायचं तर सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मेना उजाडताच बाहेर पडली होती आणि फोन बंद होता. आणि तिचा पलंग आवरलेला होता. चादर ताणून, उशी मधोमध, पुस्तकं एकावर एक. पाच वर्षांत त्या पलंगाची चादर मी सरळ पाहिली नव्हती. परीक्षेची धास्ती असेल, असं मी स्वतःला समजावलं होतं.

एजिदियोंनी कॉफीत साखर ढवळत फोनमधला एक फोटो माझ्यापुढे धरला. "हे बघा, गेल्या वर्षी इस्टरनंतर आम्ही आलो होतो ना, तेव्हाचा. माझा गुडघा धरला म्हणून मी खालीच थांबलो. ती आईला घेऊन वर गेली."

फोटोत मेना आणि तिची आई. मागे आभाळ, खाली गावभर पसरलेली लाल कौलं.

"हा कुठला?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तुमचा तो मोठा मनोरा. तीच म्हणाली, चल आई, वर जाऊ."

 मी कप खाली ठेवला.

बोलोन्यात शिकणारं पोर पदवीच्या आधी मनोऱ्यावर चढत नाही. चढलं की पदवी मिळत नाही. देव न मानणारे चढत नाहीत, गणित शिकणारे चढत नाहीत, माझा भाचा कशालाच भीत नाही, तोही पदवी मिळाल्यावर पदवीला डोक्यावर घालतात त्या पानांच्या मुकुटासकट धावत वर गेला, तोवर नाही. मेना आली त्याच दिवशी मी तिला हे बजावलं होतं. ती हसली होती, पण पहिलं वर्षभर मनोऱ्याच्या दारासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जायची, सावलीसुद्धा नको म्हणायची.

तीच मुलगी आपणहून वर गेली होती. आईला घेऊन, हसत. म्हणजे बिघडण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. उद्याची पदवी नव्हती. मागच्या इस्टरलाही नव्हती.

आमच्या वर्तमानपत्रात दर एक-दोन वर्षांनी एक बातमी येते. घरचे लोक फुलं घेऊन निघालेले असतात, विद्यापीठात त्या पोराचं नावच नसतं, आणि पोर कुठे सापडत नाही. ती बातमी मी शेवटपर्यंत वाचत नाही. त्या दुपारी मात्र ती सगळी डोळ्यांपुढे उभी राहिली.

"चला," मी उठले. "कोट काढू नका. तुमची पोरगी जिथे जिथे बसते ते दाखवते तुम्हाला."

"आत्ता? भेटेल ती तिथे?"

"भेटली पाहिजे," मी म्हणाले.

संध्याकाळ व्हायला लागली होती, म्हणजे पोरांची सकाळ. वेर्दी चौकात फरशीवर नेहमीसारखी माणसं पसरली होती, मधे बाटल्या, कुत्री, कुणाची तरी सायकल. झाम्बोनी रस्त्यावर कमानींखालून जायला वाट नव्हती. पदव्यांचा मोसम, त्यामुळे पावलोपावली एक मुकुटवालं पोर आणि त्याच्याभोवती मित्रांचा घोळका. एका लंब्या मुलाला त्यांनी लहान बाळाचं टोपडं घालून खांबाला बांधलं होतं आणि ती नेहमीची अचकट-विचकट आरती म्हणत होते. एजिदियो थांबून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"उद्या मेनालाही असंच करतील?"

"चला लवकर," मी म्हणाले.

विद्यापीठाच्या वाचनालयात डोकावले. नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये शिरले, तर मला बघताच पोऱ्याने गाण्याचा आवाज एकदम खाली केला. "झालं, सिन्योरा, झालं! पोलीस नको!"

"आवाजासाठी नाही आले रे मी. कुरळ्या केसांची, बुटकी, मेना नावाची मुलगी दिसली?"

त्याने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "नाही दिसली. तुम्हाला बरं नाही का?"

पुढच्या बारमध्येही तेच. वीस वर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्या सगळ्यांच्या दारात मी एका संध्याकाळी हात जोडून उभी राहिले. सान व्हिताले रस्त्याच्या कमानींखाली एका टोळक्याने मला बसायला खुर्ची दिली. दुसऱ्याने मोर्तादेल्ला सॉसेजचे काप घातलेली पोळी पुढे केली. तिसरी एक मुलगी म्हणाली, "आजी, थांबा, मी माझ्या सगळ्या ग्रुपवर टाकते." आजी म्हटलं म्हणून एरवी मी तिची चांगली हजेरी घेतली असती. त्या दिवशी मी तिचे दोन्ही हात धरले.

एजिदियो भोळे होते, मूर्ख नव्हते. पुढच्या कमानीखाली ते थांबले आणि म्हणाले, "सिन्योरा, आपण बार बघायला आलेलो नाही. काय झालंय?"

मी सांगितलं. लांबण लावलं नाही. मनोरा म्हणजे काय, विद्यार्थी का चढत नाहीत, आणि तिने चढायचा अर्थ मला काय वाटतो. सांगता सांगता मलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं. एका फोटोवरून मी माणसाच्या मुलीची पाच वर्षं पुसून टाकत होते. मला वाटलं, हा आता हसेल, नाहीतर ओरडेल.

ते हसले नाहीत. खांबाला हात लावून उभे राहिले.

"आमच्या गावातही अशा गोष्टी आहेत," ते म्हणाले. "विसरून कुणी मोडत नाही त्या." मग म्हणाले, "माझ्या दुकानात पाटी आहे. कायद्याच्या डॉक्टरचे वडील. गिऱ्हाइकांनी गमतीत लिहून दिली. मी आरशावर लावली."

"ते सगळं नंतर."

"हो. आधी सापडू दे. मग ती काहीही असू दे."

आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रातेल्लो गल्लीकडे निघालो, पोरांचा दुसरा अड्डा तोच. तो भाग माझा नाही. तिथली पोरं अधिक केस वाढवणारी, अधिक घोषणा देणारी, आणि रस्ताभर टेबलं. एजिदियोंचा गुडघा दुखत होता, पण ते माझ्या पुढे चालत होते. प्रत्येक कुरळ्या डोक्याकडे वळून बघत होते. एकदा एका मुलीला त्यांनी "मेना!" म्हणून हाक मारली, ती वळली तर भलतीच निघाली, आणि त्यांनी टोपी काढून तिची माफी मागितली. मला त्या क्षणी रडू आलं. मी शिंकल्यासारखं केलं.

गल्लीच्या मध्यावर एक जुना गुत्ता आहे. तिथे फक्त वाईन विकतात, खायचं ज्याचं त्याने घरून आणायचं. आत एका पदवीची मेजवानी चालली होती. मुकुटवाली मुलगी टेबलावर उभी राहून नाचत होती, भोवती सगळे बोंबलत होते. काउंटरवर इवानो नावाचा टकला मालक. मी मेनाचं नाव घेतलं.

"मेना?" तो म्हणाला. "आत आहे. पेले धुतेय. आज तिला सुट्टी दिली होती मी, तरी सकाळीच आली. म्हटलं, अगं काय झालं, तर म्हणते, काम द्या. सगळे पेले दोनदोनदा धुऊन झालेत, काय करू तिला?"

"तुमच्याकडे काम करते?"

"कधीपासूनच. मोठी मेहनती पोरगी. तुम्ही कोण?"

माझा जीव भांड्यात पडला. मी जवळच्या बाकावर मटकन बसले. मेजवानीतल्या कुणीतरी माझ्या हातात वाईनचा पेला दिला आणि मी तो एका दमात संपवला. ती होती. पेले धुत होती. सबंध जगात त्या वेळी मला एवढंच हवं होतं.

एजिदियो काउंटरच्या मागे गेले होते. मोरीच्या दारात मेना उभी, कोपरापर्यंत फेस, केस डोळ्यांवर.

"पप्पा, तुम्ही उद्या येणार होतात."

"आज आलो."

"उद्या काही नाहीये, पप्पा."

"माहितीय."

"कुणी सांगितलं?"

मी बाकावरूनच ओरडले, "मनोऱ्याने सांगितलं! वर चढून फोटो काढतेस आणि आम्हाला कळणार नाही होय? फोन कशाला बंद ठेवलास, गाढवे? माझ्या वयाचा तरी विचार करायचा! सगळ्या शहरभर हिंडवलंस मला!"

टेबलावरची मुकुटवाली नाचायची थांबली. इवानोने गाणं बंद केलं. मेना माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला.

"एका परीक्षेत नापास झाले," ती बापाला म्हणाली. "तुम्ही फोन केलात तेव्हा दुकानात माणसं होती, तुम्ही सगळ्यांना ऐकवत होतात. मी म्हटलं पास झाले. वाटलं, पुढच्या वेळी देऊन टाकीन. मग पुढच्या वेळी दोन झाल्या. मग मी जायचंच सोडलं. तुम्ही विचारलंत, यंदा पदवी ना? मी हो म्हटलं. तुम्ही इतके खूश झालात, पप्पा. आणि आज सकाळपासून मला एवढंच सुचतंय की पेले धुवायचे, पेले धुवायचे, थांबले की काय करेन कळत नाही."

एजिदियोंनी पुढे होऊन तिचे ओले हात आपल्या त्या ठेवणीतल्या कोटावर ओढून घेतले. ती रडली तशी रडू दिली. त्यांच्या खांद्यावर फेसाचे डाग पडले. ते तिचे केस मागे सारत होते, अगदी गिऱ्हाइकाचे सारावेत तसे, सावकाश, दोन बोटांनी.

"वाढलेत," ते म्हणाले.

"हो."

"उद्या कापू."

मुकुटवाली खाली उतरली होती. तिने आपल्या टेबलावरची सगळी पोळ्यांची थाळी उचलली आणि काही न बोलता आमच्यापुढे आणून ठेवली. मग मेजवानी पुन्हा सुरू झाली, जरा हळू आवाजात. मी त्यांना सांगितलं, हळू कशाला, गा की नेहमीसारखं. माझ्या तोंडून हे वाक्य कुणी पूर्वी ऐकलेलं नाही.

मेना खाऊ लागली. सकाळपासून उपाशी होती, दोन्ही हातांनी खात होती. एजिदियो तिच्याकडे बघत बसले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तिकडे गावी मेनाची आई बॅगा भरत होती, तिला विचारायचं होतं की हॉलमध्ये थंडी असते का, शाल घेऊ का. तिचा आवाज इतका मोठा की मला बाकावर ऐकू येत होतं.

"शाल राहू दे," एजिदियो म्हणाले. "सगळ्यांना सांग, उद्या यायचं नाही. ऐक आधी. मेना सापडली."

"सापडली म्हणजे? हरवली कधी होती?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिचा घास तोंडातच राहिला होता.

"दोन वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "आपल्याला पत्ताच नव्हता." आणि फोन तिच्या हातात दिला.