उशाकडची ऊब

सासूबाईंनी पलंग भिंतीला लावून घेतला होता, कारण भिंत उबदार लागायची. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावरच होत्या. कूस बदलायची तरी दोघांना धरावं लागे. पण पाठ भिंतीच्या फळ्यांना टेकली, की चेहरा सैल पडायचा. "देवानं आत शेगडी ठेवलीय माझ्यासाठी," म्हणायच्या. मीसुद्धा सकाळचा जप तिथेच, त्यांच्या उशाशी बसून करू लागले होते.

भिंत आमच्या ह्यांनी स्वतः उभारलेली. हे सुतार. मोठ्या खोलीचे दोन भाग करताना दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकल्या आणि मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा ठासून भरला. थंडी अडते, आवाज अडतो, शिवाय कारखान्यातला भुसा मार्गी लागतो. विजेची वायरही त्यातूनच नेली. ती तोकडी पडली, तेव्हा मध्ये एक जोड दिला. त्या वायरीच्या टोकाला सॉकेट होतं, त्यावर सासूबाईंचा हीटर दिवसभर चालायचा.

शनिवारी दुपारी वन्सं आल्या. जळालेल्या मोटारी उघडून तांब्याची तार नव्यानं भरायची, हे त्यांचं काम. आईच्या उशाला हात टेकून गप्पा मारत होत्या, त्या मध्येच थांबल्या.

"वहिनी, हीटर पायथ्याशी आणि ऊब उशाशी?"

"महिना झाला तशीच आहे," मी म्हटलं.

"आली तपासनीस!" हे दारातून म्हणाले. "बिघाड असता तर फ्यूज उडाला नसता का?"

"फ्यूज फक्त किती करंट वाहतोय तेवढं बघतो, दादा. करंट नेहमीचाच असेल तर तो कशाला उडेल?"

त्यांनी पिशवीतून मीटर काढला. हीटर चालू ठेवून दाराजवळच्या बोर्डावर व्होल्ट मोजले: दोनशे तीस. हीटरच्या सॉकेटवर दोनशे चोवीस. मग मीटरच्या चिमट्यात वायर पकडून करंट पाहिला: आठ अँपिअर.

"सहा व्होल्ट वाटेत गेले. सहा भागिले आठ, पाऊण ओहम. एवढ्याशा वायरीला एवढा रोध नसतो. तो तुझ्या जोडाचा आहे. आणि सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस वॅट."

हे हसले. "आईला शेकायला पावणेदोन हजार वॅट जातायत, आणि ही अठ्ठेचाळिसांचं रडगाणं गातेय!"

"ते अठ्ठेचाळीस बोटाच्या पेराएवढ्या जागेत आहेत. भुशात."

"भांडू नका गं," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "आणि माझा पलंग कुणी हलवायचा नाही."

मी चहा ठेवला. हे संध्याकाळी जोड उघडतो म्हणाले. आत्ता फळ्या काढल्या तर आईला कुठे ठेवायचं?  कप रिकामा करून वन्संनी पुन्हा मोजलं. बोर्डावर दोनशे तीसच होते. सॉकेटवर दोनशे अठरा.

या वेळी त्यांनी आकडे मोठ्यानं म्हटले नाहीत. मीच विचारलं, "वन्सं, किती?"

"बारा व्होल्ट. करंट जेमतेम आठ. रोध मघाच्या दुप्पट, उष्णताही जवळजवळ दुप्पट. जोड तापतो, तापला की आणखी बिघडतो, बिघडला की आणखी तापतो." त्या उठल्या आणि त्यांनी मेन स्विच पाडला. फ्रीजची घरघर थांबली. घर एकदम चिडीचूप झालं.

"झालं समाधान?" हे म्हणाले, पण आवाज हलका नव्हता.

"आता करंट शून्य, म्हणजे वॅटही शून्य. भिंत गार पडायला हवी."

आम्ही वाट पाहिली. मी मनात नाम घेत फळीवर तळहात ठेवून बसले. हीटर गार पडला, सॉकेट गार पडलं. माझा हात मात्र मला उचलावा लागला. थोडा वर ठेवला, तिथेही तसंच. मघाशी तिथे फळी गार होती.

"अहो," मी म्हटलं, "ही तापतेय."

ह्यांनी फळीला नाक लावलं. बोथट पात्यानं लाकूड करपतं तो वास ह्यांना झोपेतही कळतो.  ह्यांनी पहार उचलली.

वन्संनी ह्यांचा हात धरला. "फोडू नकोस! आत भुसा धुमसतोय. हवा मिळाली तर भडकेल. आधी आई!"

मी बंबासाठी फोन लावला. मग तिघांनी गादीसकट सासूबाईंना उचललं. त्या कळवळल्या, शिव्या दिल्या, माझ्या पदराला धरून म्हणाल्या, "सूनबाई, तू तरी सांग यांना. तिथंच बरं वाटतं गं मला." मी आयुष्यात त्यांचा शब्द मोडला नव्हता. "हो आई," म्हणत राहिले आणि पाय दाराकडे टाकत राहिले.

समोरच्या घराच्या ओसरीत त्यांना ठेवलं. आमचं दार वन्संनी ओढून घेतलं होतं. खिडकीच्या काचेतून पलंगाची रिकामी चौकट दिसत होती, आणि उशाच्या जागी भिंतीच्या पांढऱ्या रंगावर एक तपकिरी डाग. तो वर सरकत होता, घाई न करता. हे पायरीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"थंडी वाजतेय," सासूबाई म्हणाल्या. "मला आत न्या रे."

 मी माझा पदर त्यांच्या पाठीखाली सारला.