दादाच्या पोटावर फिरलेला वस्तरा

या, असे जवळ सरकून बसा. भगवंताने हात दिले ते सेवेसाठी. पण सेवेत गर्वाचा कण पडला की काय होतं, त्याची एक गोष्ट सांगायची आहे.

एक सलूनवाला होता. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली आणि ती कापून काढायचं ठरलं. रुग्णालयाने कागद दिला होता: आदल्या दिवशी साबणाने अंघोळ करा, पोटावर घरी वस्तरा लावू नका. धाकट्याने तो वाचला नि हसला. तीस वर्षं वस्तरा धरलेल्याला हे कोण शिकवणार? असले नियम नवशिक्यांसाठी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी त्याने दादाला घरीच आडवं केलं, फेस लावला आणि छातीपासून बेंबीखालपर्यंत पोट गुळगुळीत करून दिलं.

"डॉक्टरांच्या आधी तूच उघडतोस की काय मला?" दादा म्हणाला. पण डोळे मिटून पडला कसा, तर लेकरासारखा.

संध्याकाळी दादा रुग्णालयात दाखल झाला. सकाळी वॉर्डातली तरुण सिस्टर केस कापायचं छोटं मशीन घेऊन आली. कापायला केसच नाहीत. काका, हे पोट आहे की आरसा, असं तिने विचारलं. धाकटा खाली वाकून पिशवी आवरू लागला. दादानेच सांभाळून घेतलं, मला मुळातच केस कमी म्हणाला. शस्त्रक्रियेला न्यायची वेळ झालेली. तिने विश्वास ठेवला.

गाठ नीट निघाली. पाचव्या दिवशी मात्र ताप भरला, जखमेची कड लाल झाली, दोन टाके उसवून पू काढावा लागला. रोज पट्टी बदलताना दादा उशीचं टोक दातांत धरायचा आणि धाकटा बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

मग चौकशी लागली. सर्जनबाईंनी शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहून ठेवलं होतं की कातडीवर वस्तऱ्याचे बारीक ओरखडे आहेत. मुख्य सिस्टरने मशीन घेऊन आलेल्या त्या पोरीला सगळ्यांदेखत विचारलं, घाईत वस्तरा चालवलास ना? ती नाही नाही म्हणत होती, पण ऐकतंय कोण. दारात उभ्या धाकट्याच्या हातातला चहा निवून गेला. दादाने खाटेवरून खूण केली, गप्प राहा.

धाकटा आत सर्जनबाईंपुढे जाऊन उभा राहिला. "वस्तरा माझा. कागद वाचूनही लावला."

सर्जनबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात नि त्यांत जंतू घर करतात, एवढं त्यांनी समजावलं. "पू कशाने झाला ते खात्रीने नाही सांगता येणार. पण ही एक गोष्ट आपल्या हातात होती. निदान त्या सकाळी बोलायचं होतंत. आम्ही थांबलो असतो."

त्या तरुण सिस्टरने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे पुसले, कोपरापर्यंत हात धुतले आणि दादाची पट्टी बदलायला गेली. तिच्या पाठीमागे तो हात जोडून उभा राहिला.

जखम महिन्याभराने भरली. दादा घरी आहे, धाकट्याला त्याने एका शब्दानेही दोष दिलेला नाही. संध्याकाळी देवापुढे बसाल तेव्हा त्या सिस्टरची आठवण काढा. धाकट्याने तिची क्षमा मागायची अजून राहिली आहे.