मास्तरांच्या कपाटातला राउटर

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो. पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलोय. एक अँटेना मोडलेली, दुसरी रबरबँडने बांधलेली. शिंप्याच्या दुकानात तयार कपड्यांचं एक काचेचं कपाट आहे, त्यात दोन शर्टांच्या मधे मी पडून असतो. काचेतून सगळं दिसतं, पण करता काही येत नाही. ही अवस्था मला नवी नाही. आयुष्यातले सगळ्यात वाईट चार महिने मी याच कपाटात कुलपाआड काढलेत. ते कसे, तेच सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. एकाने माझ्या पाठीवर नंबर चिकटवला, दुसरीने दिवे लागतात का ते पाहिलं, आणि मी पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद झालो. खोक्यातून निघालो तो थेट मास्तरांच्या घरी. मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. घरात मास्तर, त्यांची बायको आणि दोन मुली. थोरली नर्सिंग शिकत होती. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या शाळेत शिकवायचे ती हातांची भाषा थोरलीनेही उचलली होती, आणि वर दोघींनी आपल्या खास खुणाही ठरवल्या होत्या. आईला ती भाषा कामापुरती यायची. मास्तरांना ‘जेव’, ‘झोप’ आणि ‘इकडे ये’ एवढंच येत होतं. हात मशीनवरून सुटतील तेव्हा शिकणार ना!

मला भिंतीवर बसवताना इंटरनेट कंपनीच्या माणसाने बिलाचे दोन प्रकार सांगितले. एकात महिन्याला ठरलेली मोठी रक्कम, मग कितीही वापरा. दुसऱ्यात जेवढा वापर तेवढंच बिल.

“दुसरंच द्या,” मास्तर म्हणाले. “हाफ शर्ट शिवणाऱ्या गिऱ्हाइकाकडून मी फुल बाह्यांचे पैसे घेतो का?”

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. पहिली दोन वर्षं बिल एवढंसं यायचं. शेजारचे पेन्शनर आजोबा दिवसाकाठी फक्त बातम्या वाचायचे आणि मोठी रक्कम भरायचे. मास्तरांनी त्यांनाही समजावलं, “अहो, दुसऱ्यांच्या सिनेमाचे पैसे तुम्ही का भरताय?” आजोबांनी ऐकलं आणि त्यांचं बिल निम्म्यावर आलं. तेव्हापासून मास्तर माझ्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसं कौतुकाने बघायचे.

मग थोरलीला लांबच्या शहरात, इस्पितळात नोकरी लागली. धाकटी रोज संध्याकाळी टॅब उभा करून समोर बसू लागली. पलीकडे थोरली, अलीकडे ही. काय ती बोटं चालायची! भांडणं, चहाड्या, खिदळणं, सगळं हातांनी. मला दम लागायचा, पण मजा यायची. आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

महिनाअखेरीस पाचपट बिल आलं. मास्तरांनी ते बघून स्टुलावर बसकण मारली. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, “आवाज थोडा खातो, चित्र भरपूर खातं. चित्र हलक्या दर्जाचं ठेवा, पैसे वाचतील.”

तसं केलं. पण हलक्या चित्रात बोटं एकमेकांत मिसळून जायची. पाच बोटांचा नुसता पंजा दिसायचा. धाकटी एकेक गोष्ट तीनतीनदा सांगायची, त्यामुळे वेळ तिप्पट लागायचा आणि बिल होतं तिथेच राहायचं. शेवटी मास्तरांनी मला खिळ्यावरून काढलं, या कपाटात ठेवलं आणि कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

“रविवारी दुपारी अर्धा तास,” ते बायकोला म्हणाले. “सांग तिला. बाकीचे दिवस तुझ्या फोनवरून मेसेज लिहायचे.”

“लिहून का कुणाला मन मोकळं करता येतं?” बायको म्हणाली.

“मग बिल कुणी भरायचं? तू?”

मित्रांनो, ते चार महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. रविवारचा अर्धा तास सोडला तर वायर काढलेली, दिवे विझलेले. समोर ती पोर बसलेली असायची. आधी ती काचेवर बोट टेकवून माझ्याकडे बघायची. मग बघेनाशी झाली. हळूहळू आईशीही हात हलवेनाशी झाली. दोन्ही हात मांडीत घेऊन, बटणांच्या डब्यासमोर गप्प बसून राहायची. कोंडलं होतं मला, पण खरी कोंडली गेली होती ती. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो मास्तर, जरा मान वर करा की! पण राउटरचं कोण ऐकतो?

एका मंगळवारी आई काजं करत बसली होती. फोन कानाशी, पलीकडे थोरली. तो बोलण्याचा फोन, त्याला बोलाल तेवढं फुकट. आईचं आपलं चाललं होतं, “अगं हो का? मग? अय्या!” धाकटी तिच्या ओठांकडे बघत होती.

मग ती उठली. मास्तरांच्या गळ्यातला टेप तिने ओढून घेतला. मास्तर गिऱ्हाइकांची मापं ज्या वहीत लिहितात ती उघडली आणि घड्याळाकडे बघत बसून राहिली. आईचं बोलणं रंगात आलं होतं, तेवढ्यात तिने लिहिलं, ‘आई. रोज. आजची पन्नास मिनिटं. पैसे नाहीत.’ त्याखाली लिहिलं, ‘मी. आठवड्याला अर्धा तास. पैसे पडतात.’ मग मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत स्वतःच्या हाताला टेप लावला, ‘माझं तोंड. साडेसहा इंच’ असं माप लिहिलं आणि वही मास्तरांच्या मशीनवर, सुईसमोर ठेवली.

मास्तरांनी चाक हाताने थांबवलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

“अगं, ठेव तो फोन,” ते म्हणाले.

“का? काय झालं?”

“आपण सगळे फुकट बोलतोय आणि या पोरीच्या तोंडाला मी मीटर लावलाय. काय हे माझ्या हातून झालं!”

त्यांनी कपाट उघडलं. वायर जोडली, माझे दिवे लागले. भिंतीवरचा खिळा जागेवर नव्हता, म्हणून मास्तर मला हातात धरूनच उभे राहिले. तास होऊन गेला तरी खाली ठेवीनात. पडद्यावर थोरली आली, धाकटीचे हात उठले, आणि दोघी एकदम रडायला लागल्या. मास्तरांना त्यातलं अक्षर कळेना. मग मोकळा हात वर करून, येत होती त्यातली एक खूण त्यांनी थोरलीला केली, ‘इकडे ये’.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिलाचा प्रकार बदलला. आजोबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “तुम्ही तेच ठेवा, तुमच्या अंगाला ते बरोबर बसतंय. आमच्या घराला आखूड पडत होतं.” वाढीव पैशांसाठी त्यांनी गणवेशांचं जास्तीचं काम धरलं. आणि नव्या बिलाबरोबर नवा, वेगवान राउटर आला. माझी रवानगी पुन्हा कपाटात झाली. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण आता कपाटाला कुलूप नाही.

मित्रांनो, पाणी मोजा, वीज मोजा, मलाही खुशाल मोजा. फक्त मोजण्याआधी मान वर करून बघा, पलीकडे कुणाचं काय अडलंय. आणि घरातल्या जुन्या यंत्रावरून अधूनमधून फडकं फिरवा.

धाकटी फिरवते. दर रविवारी कपाट उघडून मला पुसते, आणि पुसून झालं की माझ्यासमोर हात हलवून दिवसभराचं काहीबाही सांगते. तिला वाटतं, मला काय कळतंय. पण मला सगळं कळतं. ती भाषा मीच तर वाहून नेत होतो.