कवडूभाऊंचा डावा स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो, आणि जोडीतला डावा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण डावा म्हणून मला जे बोल ऐकावे लागले, ते माझ्या उजव्या भावाच्या वाट्याला कधीच आले नाहीत.

आमचा जन्म सीताबर्डीतल्या एका दुकानामागचा. सुताराने प्लायवूडच्या पेट्या ठोकल्या, दुकानदाराने आत कापूस भरला आणि समोर काळी जाळी ताणली. ब्याऐंशी साली कवडूभाऊ आम्हाला सायकलरिक्षात मांडीवर घेऊन इंदोऱ्याला आपल्या घरी आले. ते गिरणीत माग चालवायचे. वडील खापा गावचे विणकर, त्यामुळे मागाचा त्यांना कोण अभिमान! त्यांच्या पत्नी प्रेमलताबाईंनी आम्हा दोघांना कपाटावर अगदी खेटून बसवले आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. जोडी आहे, ती जोडीनेच बसायला हवी, असे त्यांचे म्हणणे. दुकानदार म्हणाला, छे छे, लांब लांब ठेवा. मग माझा उजवा भाऊ स्टुलावर ऐसपैस बसला आणि मला गाद्यांच्या थप्पीमागच्या कोपऱ्यात जागा मिळाली.

कवडूभाऊ रोज आवाज वाढवू लागले. खिडकीची तावदाने थरथरायची, तरी त्यांचे समाधान होईना. एकदा शेजारचे रुपराव आले असता त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवले.

"हा डावा फालतू निघाला गा. आवाजच नाही त्याले. कबाडीवाल्याले देऊन टाकतो."

काय सांगू मित्रांनो, माझ्या पोटातला कापूससुद्धा गार पडला.

पण चांगल्या वस्तूला उगाच नावे ठेवलेली प्रेमलताबाईंना खपत नसे. रुपराव गेल्यावर त्यांनी पदर खोचला. "मले पाहू द्या जी एक खेप," म्हणाल्या. गाद्या हलवल्या. मला ओढून भिंतीपासून हातभर पुढे, दुसऱ्या स्टुलावर बसवले. सुतळी घेऊन खुर्चीपासून आम्हा दोघांचे अंतर सारखे केले, आमच्या दोघांमध्येही तेवढेच ठेवले आणि आमची तोंडे किंचित खुर्चीकडे वळवली. मग कॅसेट लावून स्वतः खुर्चीत बसल्या.

"अवं माय! गाणारी बाई तं मधातच उभी हाये जी! तिथं, कॅलेंडरापाशी!"

आम्ही दोन साध्या पेट्या मिळून नुसत्या भिंतीपाशी माणूस उभा करू शकतो, हे मलाही त्या दिवशीच कळले. खरेच, काय कान होता त्या बाईचा!

"आता तुम्ही बसा. डोळे मिटा. सांगा, बाई कुठं उभी हाये?"

कवडूभाऊंनी थेट माझ्या भावाकडे बोट केले.

"थट्टा नका करू जी."

"थट्टा नाही वं. तिकूनच येऊन राहिला आवाज."

प्रेमलताबाईंनी आमच्या जागा बदलल्या. मी उजवीकडे, भाऊ डावीकडे. पुन्हा डोळे मिटायला लावले, पुन्हा विचारले. या वेळी कवडूभाऊंचे बोट माझ्याकडे आले. कबाडात निघालेल्या माझ्याकडे! मी खूश व्हायला हवे होते. पण प्रेमलताबाईंचा चेहरा पाहिला आणि माझा आनंद जागच्या जागी विरला.

त्यांनी कॅसेट बंद केली. कवडूभाऊंच्या मागे, डाव्या अंगाला जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "ऐकता का जी?" डोळे मिटून बसलेले कवडूभाऊ हललेसुद्धा नाहीत.

त्या समोर आल्या. "पेटी चांगली हाये. तुमचा डावा कान गेला. कधीपासून?"

कवडूभाऊंनी डोळे उघडले आणि मान खाली घातली. मग म्हणाले, "वरीस झालं असंन. गिरणीत समजलं तं मागावरून काढतीन मले. मागाबिगर मी कोण वं?"

"आन् त्या मागाच्या खडखडाटानं उजवाबी गेल्यावर? आत्ता मी हाक मारली तुमाले. मागं उभी राहून. तुम्ही वळून पाह्यलं नाही."

कवडूभाऊ ओंजळीत तोंड लपवून रडले. मला नावे ठेवताना त्यांच्या मनात केवढी भीती होती, ते मला तेव्हा समजले. माझा राग पार निवला.

दुसऱ्या दिवशी दोघे दवाखान्यात गेले. पुढे कवडूभाऊंना मागावरून काढून कापड तपासायच्या खात्यात दिले. फार दिवस ते उदास होते. डावा कान अधू तो अधूच राहिला. उजवा मात्र वाचला.

आणि प्रेमलताबाईंनी काय केले असेल? मला पुन्हा डावीकडे ठेवले आणि त्या अधू कानाला माझा आवाज जास्त पोचावा म्हणून खुर्चीच्या दिशेने चांगले हातभर पुढे ओढले. कवडूभाऊंनी डोळे मिटले आणि बोट बरोबर मधोमध नेले. प्रेमलताबाईंना मात्र ती गाणारी त्या दिवसापासून कायमची डावीकडे सरकलेली ऐकू यायची. पण त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी चकार शब्द ऐकला नाही.

आता माझी जाळी विरली आहे, आतला आवाज काढणारा कागदही चिरला आहे. माझे काही नाही, कागद नवा बसवता येतो. मित्रांनो, घरात कोणी आवाज वाढवत चालले, तर स्पीकरला दोष देऊ नका. त्यांच्या मागे उभे राहून हळूच हाक मारा. त्यांनी वळून पाहिले नाही, तर रागावू नका. समोर जा आणि त्यांचा हात धरा.