तेवीस वेळा न थांबलेला प्रोसेसर

१९८७ साली सुलक्षणा परब अंधेरीच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होती. परदेशातल्या एका गिऱ्हाईकाचं जुनं मशीन भंगारात निघालं होतं, पण त्यावरचे प्रोग्रॅम त्याला टाकवत नव्हते. म्हणून सुलक्षणाने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात त्या मशीनचा खोटा प्रोसेसर बसवला होता, नुसत्या सॉफ्टवेअरचा. जुने प्रोग्रॅम त्यावर खुशाल चालायचे.

"म्हणजे तू त्यांना गंडवतेस," दहिसरला आई म्हणायची. "त्याला डिग्री कशाला लागते गं?"

भानगड एकच होती. 'स्टॉप'ची कळ दाबली की खोट्या प्रोसेसरने थांबायला हवं. बहुतेक वेळा थांबायचाही. एखाद्या वेळी मात्र ढिम्म.

चाचणी करायचा ऑपरेटर खंडू साळवे. राहायला कांजूरमार्गला. प्रोसेसर थांबला नाही की तो वहीत लिहून ठेवायचा. तेवीस नोंदी झाल्या तेव्हा त्याने वही मॅनेजर विद्याधर दामल्यांसमोर ठेवली. दामल्यांनी मशीनवर गणपतीचा फोटो चिकटवला होता. त्यामुळे मशीनमध्ये दोष असणं त्यांना मंजूर नव्हतं.

"माझ्या हातून एकदाही असं झालेलं नाही," ते म्हणाले. "काही लोकांना कळ दाबायचंही वळण नसतं. सोमवारपासून गोडाऊनला जा."

खंडू बाहेर येऊन डबा उघडून बसला, पण खाईना. सुलक्षणा शेजारी येऊन बसली.

"ऐक," तो म्हणाला. "नीट चालू असताना दाबलं तर थांबतो. पण थांबून पुन्हा सुरू होतोय, नेमकं तेव्हा दाबलं, की वाट लागली."

सुलक्षणा ताडकन उठली. तिने प्रोग्रॅमची छापील प्रत आणून तिथेच पसरली.

खोटा प्रोसेसर सुरू करण्याआधी तिचा प्रोग्रॅम एक खूण बघायचा: 'स्टॉप' दाबल्याचा सिग्नल आलाय का? नसला की त्या प्रोसेसरच्या आत शिरायचा. आत असताना सिग्नल आला, तर बाहेर यायचा. पण सिग्नल नेमका बघणं आणि शिरणं यांच्या मध्येच टपकला तर? तो खूण करून निघून जायचा, आणि प्रोग्रॅमचं बघून तर झालेलं असायचं. मग स्वारी आत जाऊन कामाची वाट बघत बसायची, ती कायमची.

"खंड्या, साल्या, तुझं बरोबर आहे!"

तिने त्या फटीत मुद्दाम पाच सेकंद थांबायची ओळ घातली आणि दामल्यांना बोलावलं.

"साहेब, मी 'आता' म्हटलं की तुम्ही दाबा. आता!"

दामल्यांनी दाबली. ढिम्म. मशीन नव्याने सुरू करून पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा त्यांनी गणपतीकडे बघून अंगठ्याने रेटली.

"वळण लागतं, साहेब," दारातून खंडू म्हणाला.

दामले लाल झाले. "ते पाच सेकंद काढून टाका ना मग!"

"ते मी दाखवायला घातलेत. खरी फट पापणी लवण्याहून लहान आहे. पण आहे."

"मग ती खूण दोनदा बघायची."

"दुसऱ्यांदा बघितल्यावरही फट उरतेच ना!"

"सिग्नललाच थोपवता येत नाही का?" खंडूने विचारलं. "आपण आत पोचेपर्यंत धरून ठेवायचा, मग सोडायचा."

सुलक्षणाने मॅन्युअलची झेरॉक्स उचकली. सोय होती. सिग्नल आधीच अडवून ठेवायचा. मग त्याला सोडणं आणि आत शिरणं एकाच पावलात, मध्ये फट म्हणून नाही. तिने दोन दिवसांत तसं लिहून काढलं. पाच सेकंदांची ओळ तशीच ठेवून खंडूने चारशे वेळा कळ दाबली. चारशे वेळा प्रोसेसर थांबला.

दामल्यांनी अहवालात 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असं लिहिलं. गोडाऊनचा विषय पुन्हा निघाला नाही आणि माफीचाही नाही. सुलक्षणाने प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत इंग्रजीत टीप टाकली: ही फट खंडू साळवे यांनी शोधली. दामले प्रोग्रॅम उघडून बघत नसत. गिऱ्हाईक बघायचं.

महिनाभराने परदेशातून 'मिस्टर साळवे' यांच्या नावाने पत्र आलं. त्यात दोन प्रश्न होते. दामल्यांनी ते दोनदा वाचलं आणि मशीनच्या खोलीत नेऊन खंडूच्या हातात दिलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खंडूने स्वतःच लिहिलं. दुसऱ्यासाठी त्याने सुलक्षणाकडून मॅन्युअल मागून घेतलं.